श्वासाची साक्ष

वैशाखांतल्या दुपारीं औत थांबवून बैल बांधावरच्या निंबाखालीं सोडले, म्हणजे शेतकऱ्याची नजर प्रथम त्यांच्या कुशींकडे जाते. कुशी भरभर हलत असल्या तर “अजून धाप गेली नाहीं” असें म्हणून तो चंची सोडतो आणि आणखी घटकाभर बसतो. कुशी संथ झाल्या म्हणजे उठून जूं उचलतो. हें ज्ञान त्यास कोणा पुस्तकानें दिलेलें नाहीं. वडिलांनीं केलें तें पाहून तो करीत आला आहे. परंतु कुशीची हालचाल नेमकें काय सांगते, ती खरें केव्हां सांगते, आणि कोणत्या प्रसंगीं ती गप्प राहते किंवा चक्क उलट साक्ष देते, याचा विचार आपल्यांत फारसा होत नाहीं. तो न झाल्यामुळें जनावरें दगावतात आणि माणसेंहि दगावतात. म्हणून हा विषय आज वाचकांपुढें मांडीत आहों.

ट्रॅक्टर आल्यापासून दावणीचे बैल कमी झाले, तेव्हां हा विषय शिळा झाला असें कोणास वाटेल. तसें नाहीं. बैल गेले तेथें संकरित गाई आल्या आहेत, आणि उन्हांत दमाच्या बाबतींत त्या बैलांहून नाजूक आहेत. विहिरी पूर्वींपेक्षां खोल गेल्या आहेत, आणि अंगणांत गोबरगॅसची टाकी आली आहे. श्वासाशीं आपला संबंध कमी झालेला नाहीं.

प्रथम श्वासाचा कारभार थोडक्यांत पाहूं. हवेच्या शंभर भागांत सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. शरीरांतील सारें जळण त्यावर चालतें, आणि त्या जळणाची राख म्हणून कर्बाम्लवायु उत्पन्न होतो. यासच शाळेंत जाणारीं आमचीं मुलें कार्बन डायऑक्साइड म्हणतात. बाहेरच्या हवेंत तो शेंकडा अर्ध्या भागाचाहि दहावा हिस्सा नसतो. आपण सोडलेल्या श्वासांत मात्र शेंकडा सुमारें ४ भाग असतो. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास १२ ते २० वेळां श्वास घेतो व दर वेळीं सुमारें अर्धा लिटर हवा आंत ओढतो. त्या अर्ध्या लिटरांतला जवळ जवळ तिसरा हिस्सा नाक, घसा व श्वासनळी यांतच राहून परत येतो. फुप्फुसाच्या तळाशीं उरलेलीच हवा पोंचते. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां श्वास वाढवावा किंवा कमी करावा, हें ठरवितो कोण? मेंदू जेथें पाठीच्या रज्जूस मिळतो तेथें या कामाचा पहारेकरी बसलेला आहे. प्राणवायु कमी पडला म्हणजे तो जागा होत असेल, असें कोणासहि वाटेल. परंतु ऑक्सफर्ड येथील जॉन स्कॉट हॉल्डेन व जॉन प्रीस्टली या दोघां शास्त्रज्ञांनीं १९०५ सालीं दाखवून दिलें कीं, सामान्य स्थितींत हा पहारेकरी प्राणवायूकडे पाहतच नाहीं; तो कर्बाम्लवायूकडे पाहतो. त्याचें प्रमाण रक्तांत किंचित् वाढलें कीं श्वास वाढतो, किंचित् घटलें कीं श्वास मंदावतो. हुशार पाटकरी पाटाच्या तोंडाशीं पाणी किती आलें हें पाहत न बसतां, शेवटच्या वाफ्यांत किती तुंबलें हें पाहून दार उघडतो किंवा मिटतो, त्यांतलाच हा प्रकार होय. नव्याण्णव वेळां ही युक्ति अचूक ठरते. शंभराव्या वेळीं ती जीवावर बेतते. तो प्रसंग पुढें येईल.

कामाच्या वेळचा श्वास पाहूं. स्वस्थ मनुष्यास मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा पुरते. तोच मनुष्य खोल कुदळ मारूं लागला किंवा धान्याचें पोतें पाठीवर घेऊन माळ्याची शिडी चढूं लागला, म्हणजे त्याच्या दसपट व क्वचित् त्याहूनहि अधिक हवा त्याच्या छातींतून खेळते. आरंभीं श्वास खोल होतो, मग जलद होतो. गंमत अशी कीं, काम सुरू होतांच पहिल्या दोन-चार श्वासांतच ही वाढ दिसते. तेवढ्यांत कर्बाम्लवायु वाढण्यास अवधीहि झालेला नसतो. हातापायांस हुकूम सोडतांनाच मेंदू श्वासासहि वर्दी देतो, असें यावरून दिसतें. पुढचा मेळ मात्र पहारेकरी घालतो.

काम थांबलें तरी धाप लगेच थांबत नाहीं. आर्चिबॉल्ड हिल या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत यास प्राणवायूचें कर्ज असें नांव दिलें. जोराचें काम करतांना स्नायु उधारीवर चालतात आणि विसाव्याच्या वेळीं ती उधारी फेडतात, असा त्याचा भावार्थ. पुढील संशोधनानें हा हिशेब हिलला वाटला त्याहून गुंतागुंतीचा ठरला. फेडींत कर्जाखेरीज तापलेल्या शरीराचा खर्चहि मिसळलेला असतो. पण शेतकऱ्याच्या कामापुरतें एवढें पुरे कीं, बैलाची ताकद तो काम करतांना किती धापतो यावरून कळत नाहीं, काम थांबल्यावर त्याची धाप किती लवकर उतरते यावरून कळते. बाजारांत बैल पारखतांना जाणता मनुष्य त्यास चढणीवर पळवून मग उभा करून पाहतो, तें याचसाठीं. दांत पाहून वय कळतें; दम पाहून बैल कळतो.

धाप वाढण्याचीं कांहीं कारणें आपणच निर्माण करतों. बैलाच्या पोटाचा मोठा कोठा शंभर लिटरांहूनहि अधिक माल धरतो. भरपेट वैरण खाल्लेल्या बैलास लागलीच जुंपलें, तर हा भरलेला कोठा छातीच्या पडद्यास पुढें रेटतो आणि फुप्फुसांस फुगण्यास जागा राहत नाहीं. ओला लसूणघास अति खाऊन पोट फुगलेलें जनावर धापा टाकतें त्याचें कारणहि हेंच. तेथें रोग पोटाचा असतो आणि गुदमरते ती छाती. तसेंच जोतें फार आवळलें असेल तर चढणीवर तें नरड्यावर येतें. आणि चार महिने गोठ्यांत उभ्या असलेल्या बैलास पहिल्याच दिवशीं पूर्ण पाळी नांगरास लावणें हा तर निव्वळ अविचार होय. दम हा रोज थोडा थोडा वाढवावा लागतो. हृदय व स्नायु यांस त्यासाठीं आठवडे लागतात.

श्वास मोजणें अगदीं सोपें आहे. जनावराच्या मागें, किंचित् बाजूस, त्यास न बुजवितां उभें राहावें व कूस किती वेळां उठते तें घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजावें. थंड वेळीं सावलींत उभ्या असलेल्या बैलाचा श्वास मिनिटास साधारण १५ ते ३० असतो. वासरांचा याहून अधिक, घोड्याचा कमी. पण दुसऱ्याच्या बैलाच्या आंकड्यावर विसंबूं नये. आपल्या प्रत्येक जनावराचा पहांटेचा आंकडा चार-आठ दिवस मोजून गोठ्याच्या भिंतीवर खडूनें लिहून ठेवावा. पुढें काम नाहीं, ऊन नाहीं, आणि तरीहि आंकडा दीडपट दिसला, तर ताप किंवा छातीचा विकार समजून पशुवैद्यास बोलवावें. पावसाळ्याच्या तोंडीं श्वासाबरोबर घशांत घुरघुर व गळ्याखालीं सूज दिसली तर घटसर्पाची शंका धरून एक तासहि दवडूं नये. आणि लस पावसाळ्यापूर्वीं टोंचलेली असली तर ही वेळ सहसा येणारच नाहीं.

येथवर श्वासाची साक्ष खरी असते. उन्हाच्या प्रकरणांत ती अवघड होते.

मनुष्याचें अंग मुख्यतः घामानें निवतें. कुत्र्यास तसा घाम नाहीं, म्हणून तो जीभ बाहेर काढून धापतो. गाय-बैल मध्यें पडतात. त्यांस घामहि येतो व धापहि लागते. आपल्या खिल्लार, देवणी, डांगी अशा देशी जनावरांस घाम चांगला सुटतो व त्यांच्या अंगांत मुळांतच उष्णता कमी उत्पन्न होते; म्हणून तीं उन्हांत पुष्कळ वेळ टिकतात. अधिक दुधासाठीं आणलेली संकरित गाय भरपूर खाते, भरपूर उष्णता निर्माण करते आणि लवकर धापूं लागते. म्हशीची अडचण सर्वांत मोठी. काळें कातडें, विरळ केस, आणि घामाच्या ग्रंथि गाईच्या मानानें फारच थोड्या. तिचें डुंबणें ही चैन नसून तो तिचा घाम होय. डोहावर नेण्याची सोय नसेल तर दुपारीं दोन-तीन वेळां तिच्या अंगावर पाणी ओतलेंच पाहिजे.

उन्हानें लागणारी धाप ही कामाच्या धापेहून निराळी असते. काम करणारा बैल खोल श्वास घेतो, कारण त्यास प्राणवायु हवा असतो. तापलेला बैल उथळ व अति जलद श्वास घेतो, कारण त्यास वारा हवा असतो. आम्हीं वर सांगितलें कीं श्वासाचा कांहीं हिस्सा नाक, घसा व नळी यांतूनच परत फिरतो. तापलेलें जनावर या निरुपयोगी दिसणाऱ्या हिश्शाचा मोठा कुशल उपयोग करून घेतें. थोडी थोडी हवा भरभर आंत-बाहेर खेळवून तें नाकातोंडाचा ओलावा सुकवितें व त्यानें अंग निववितें. फुप्फुसाच्या तळाची हवा मात्र ढवळली जात नाहीं, त्यामुळें कर्बाम्लवायूचा मेळ बिघडत नाहीं. अशा वेळीं श्वास मिनिटास ७०, ८० किंवा शंभरावर जातो. हवा कोरडी असेल तर या युक्तीस यश येतें. कोंकणांत, आणि देशावरहि वळवाच्या आदल्या दिवसांत, हवा दमट असते. तेव्हां धाप लागते पण अंग निवत नाहीं.

ही युक्ति थकली म्हणजे पुढें काय होतें, तें आम्ही फार मोल देऊन शिकलों. १९९४ सालच्या मे महिन्यांत आमच्या घरच्या गाडीनें शेणखताची वाहतूक चालली होती. आणखी एक खेप झाली कीं काम संपणार, म्हणून बारा वाजून गेल्यावरहि गाडी जुंपली. अर्ध्या वाटेवर हरण्या नांवाच्या उजव्या बैलानें जीभ बाहेर टाकली. तोंडांतून लाळेची तार लागली. आम्हीं बाभळीखालीं गाडी सोडली. सावली विरळ, वारा पडलेला. कुशी इतक्या भरभर हलत होत्या कीं मोजतां आल्या नसत्या. कांहीं वेळानें त्या संथ होऊं लागल्या. श्वास सावकाश व खोल चालूं लागला. “उतरली धाप,” असें आम्हीच म्हणालों आणि पुन्हां जुंपलें. हरण्यानें मान लांब करून खालीं घातली होती व तोंड अजून उघडेंच होतें, हें आम्हांस दिसत होतें. पण आम्ही कुशींकडे पाहत होतों. शेताच्या तोंडाशीं तो पुढच्या गुडघ्यांवर बसला. जवळच्या विहिरीवरून घागरी आणून आम्हीं त्यास न्हाऊं घातलें. दिवस मावळण्यापूर्वीं तो गेला.

पशुवैद्य आले, त्यांनीं सारी हकीगत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला: “श्वास कमी झाला तेव्हां तोंड मिटलें होतें काय?” त्या प्रश्नाचा अर्थ असा. अंगाची उष्णता फार वाढली, म्हणजे सामान्य ३८ ते ३९ अंश सेल्सिअसवरून ४१ च्या आसपास किंवा वर गेली, म्हणजे उथळ धाप पुरी पडत नाहीं. मग जनावर दुसऱ्या प्रकारचा श्वास घेऊं लागतें: तोंड उघडें, जीभ बाहेर, आणि श्वास सावकाश पण खोल. आंकडा खालीं येतो. आणि तो आंकडा पाहणारास वाटतें कीं बैल सांवरला. वस्तुतः तो शेवटच्या उपायावर आलेला असतो. या खोल श्वासानें फुप्फुसांचा तळ धुवून निघतो, रक्तांतील कर्बाम्लवायु नको तितका बाहेर पडतो आणि रक्ताचा मेळच बिघडतो. आपण ज्या क्षणीं जूं उचलतों, तोच क्षण पाणी ओतण्याचा असतो.

तेव्हां उन्हाळ्यांत केवळ कुशीवर विश्वासूं नये. तोंड मिटलें आहे, जीभ आंत गेली आहे, लाळ थांबली आहे, कान हलत आहेत आणि जनावर रवंथ करूं लागलें आहे, अशीं चिन्हें मिळालीं तर आंकडा खरा. रवंथ ही सर्वांत चांगली खूण. तापलेलें जनावर रवंथ करीत नाहीं. उलट तोंड उघडें व मान लांबलेली असेल, तर आंकडा ३० दाखवो कीं १३० दाखवो, जनावर संकटांत आहे. त्यास सावलींत उभें करून सर्वांगावर, विशेषतः पाय व पोट यांवर, पाणी ओतीत राहावें आणि वारा घालावा. ओलें गोणपाट पाठीवर टाकून वारा न घालणें व्यर्थ. सुकणारें पाणीच अंग निववितें, झांकलेलें पाणी निववीत नाहीं. पिण्याचें पाणी जवळ ठेवावें, पण नाळीनें घशांत ओतूं नये. धापणाऱ्या जनावराच्या तें फुप्फुसांत जातें.

आणखी एक गोष्ट अनुभवास आली आहे. दिवसां सांठलेली उष्णता जनावर रात्रीं बाहेर टाकतें. ज्या रात्रीं हवाच निवत नाहीं, त्या रात्रीनंतर पहांटेचा आंकडाच भिंतीवरच्या आंकड्याहून चढलेला असतो. तसा दिसला तर त्या दिवशीं निम्मेंच काम घ्यावें. आमच्या गोठ्याचा आतां असा नियम आहे कीं, सावलींत वीस मिनिटें उभें करूनहि श्वास साठाखालीं न आल्यास त्या दुपारीं जूं उचलावयाचें नाहीं. हा नियम शास्त्राचा नव्हे, हरण्याचा आहे. सरकारी नियम तर १९६५ पासून अस्तित्वांत आहे: गाडी ओढणाऱ्या व ओझें वाहणाऱ्या जनावराकडून दिवसांत एकंदर नऊ तासांहून अधिक, विश्रांतीवांचून सलग पांच तासांहून अधिक, आणि जेथें उष्णतामान ३७ अंशांवर जातें तेथें दुपारीं बारा ते तीन या वेळांत काम घेऊं नये. तो किती जणांस ठाऊक आहे, हें कोणत्याहि साखर कारखान्याच्या रस्त्यावर हंगामाच्या अखेरीस उभें राहिल्यास समजून येईल.

उन्हांत श्वास उलट साक्ष देतो. आतां तो मुळींच साक्ष देत नाहीं असा प्रसंग सांगतों. १५ एप्रिल १८७५ रोजीं फ्रान्स देशांत ‘झेनिथ’ नांवाच्या विमानांतून, म्हणजे हलक्या वायूनें भरलेल्या मोठ्या फुग्यांतून, तिघे पुरुष आकाशांत चढले. विरळ हवेंत उपयोगी पडावा म्हणून त्यांनीं प्राणवायूच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. आठ हजार मीटरांवर तिघेहि बेशुद्ध झाले. त्यांपैकीं गास्तों तिसांदिए हा एकटा जिवंत परत आला. त्यानें सांगितलें कीं, गुदमरल्याची कसलीहि पीडा झाली नाहीं. उलट मनास एक प्रकारचा आनंद वाटत होता. प्राणवायूची नळी तोंडाशीं न्यावी असें त्याच्या मनांत आलें, तेव्हां हात उचलेना. याचें कारण वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. तेथें कर्बाम्लवायु सांठत नव्हता, तो श्वासाबरोबर सुखानें बाहेर पडत होता. म्हणून पहारेकऱ्यानें हांक दिलीच नाहीं. प्राणवायु पाहणारा दुसरा एक पहारेकरी मानेंतल्या मोठ्या धमन्यांपाशीं असतो; तो दाखवून देणाऱ्या कॉर्नेय हेमन्स या बेल्जियन शास्त्रज्ञास १९३८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण हा दुसरा पहारेकरी झोंपाळू आहे. प्राणवायु फार घटल्यावांचून तो नीट जागा होत नाहीं, आणि तो जागा होईपर्यंत डोकें ठिकाणावर राहिलेलें नसतें.

आकाशांतली ही गोष्ट आमच्या वाचकांस दूरची वाटेल. पण तसल्या हवेस गांठण्यासाठीं आठ हजार मीटर चढण्याची गरज नाहीं. पंधरा फूट खालीं उतरलें तरी पुरतें. पेंव ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें ठाऊक आहे. कणगींतला किंवा पेंवांतला दाणा मेलेला नसतो. तोहि श्वास घेतो, आणि ओलसर असला तर अधिक घेतो. बंद पेंवांत दाणा, बुरशी व कीड मिळून आंतला प्राणवायु संपवितात व कर्बाम्लवायु भरून ठेवतात. मग किडीस जगतां येत नाहीं आणि माल टिकतो. सांगलीजवळ हरिपूर येथें हळदीचीं पेंवें याच गुणामुळें नांवाजलीं. २००५ च्या महापुरांत त्यांपैकीं पुष्कळांची हानि झाली. जो वायु मालाची राखण करतो तोच आंत उतरणाऱ्याचा प्राण घेतो. तो साध्या हवेच्या दीडपट जड असतो, म्हणून तोंड उघडलें तरी तळाशीं बसून राहतो; उन्हाळ्याच्या निवांत दुपारीं तर विशेषच, कारण आंतली थंड हवा वर येण्यास कांहीं कारणच नसतें. येथें पहारेकरी ओरडतो खरा: शेंकडा ५-६ भाग कर्बाम्लवायूनें जोराची धाप लागते. पण दहा भागांवर गेल्यास शुद्धि जाण्यास फार वेळ लागत नाहीं, आणि प्रत्येक धापेबरोबर तीच हवा अधिक आंत जाते. पायऱ्या चढण्याइतकी सवड मिळत नाहीं.

जुन्या विहिरींतहि पालापाचोळा कुजून असेंच होतें. त्यांत अलीकडे दोन नवे शत्रु आले. पहिला इंजिनाचा धूर. पाणी खोल गेलें म्हणून विहिरींत इंजिन उतरवून चालविलें, तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु तेथें सांठतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. रक्त त्यास प्राणवायूच्या दोनशेंपट आवडीनें धरतें, आणि आपल्या दोन्ही पहारेकऱ्यांस त्याची वार्ताहि नसते. धाप लागत नाहीं. डोकें दुखतें, गुंगी येते, मनुष्य कडेला टेकून बसतो तो उठत नाहीं. थंडींत दार बंद करून शेगडी पेटवून निजणारांस मृत्यु येतो तो याच वाटेनें. दुसरा शत्रु गोबरगॅसच्या व मळीच्या टाक्यांतला. तेथें कुजक्या अंड्यासारख्या वासाचा एक वायु असतो. थोडा असतां त्याची घाण सहन होत नाहीं, पण फार झाला म्हणजे तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. घाण गेली म्हणून पुढें पाऊल टाकणारा फसतो.

अशा ठिकाणीं एक उतरतो व पडतो. त्यास काढण्यास भाऊ उतरतो, मग शेजारी. वर्तमानपत्रांत एकाच विहिरींत तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा. दुसरा व तिसरा हे धाडसानें मरतात, पहिला मात्र घाईनें.

म्हणून उतरण्याचे कांहीं नियम सांगतों. पेंव किंवा विहीर साफ करावयाची असेल तर तोंड आदल्या दिवशींच उघडावें. पेटता कंदील दोरीनें थेट तळापर्यंत सोडावा. प्राणवायु शेंकडा १६-१७ भागांवर आला कीं ज्योत विझते, आणि मनुष्य त्याहून थोडें कमी असतांहि कांहीं काळ तग धरतो. म्हणून कंदिलाचा इशारा वेळेवर मिळतो. कंदील विझला तर कोणींहि उतरूं नये. पंख्यानें किंवा नळानें तळाशीं ताजी हवा सोडावी. वीज नसेल तर पाल्याची मोठी फांदी दोरास बांधून पुष्कळ वेळ खालीं-वर करावी, व पुन्हां कंदील सोडून पाहावा. पण कंदील जळत राहिला म्हणजे इंजिनाचा धूर नाहीं किंवा तो घाणीचा वायु नाहीं, असें मुळींच ठरत नाहीं. जेथें इंजिन चाललें आहे तेथें तें बंद करून हवा पूर्ण खेळविल्यावांचून उतरूं नये. गोबरगॅसच्या टाकीजवळ तर ज्योत नेणें म्हणजे स्फोट ओढवून घेणें होय; ती टाकी साफ करण्याचें काम वायुमापक यंत्र व सामग्री असलेल्या लोकांकडेच द्यावें.

उतरणाराच्या काखेंतून छातीभोवतीं दोर बांधलेला असावा आणि त्याचें टोंक वर दोघां दणकट माणसांच्या हातीं असावें. वरच्या एकानें त्याच्याशीं सारखें बोलत राहावें. उत्तरास उशीर लागला, बोलणें अडखळलें किंवा तो उगाच हंसूं लागला, तर विचारीत न बसतां ओढून घ्यावा. दोर नसतांना कोणी पडलाच, तर वरच्यांनीं एकमेकांस धरून ठेवावें, अग्निशामक दलास बोलवावें, आणि तोंवर हवा खालीं सोडण्याचें काम चालू ठेवावें. वर काढलेला मनुष्य श्वास घेत नसेल तर त्यास उताणा निजवावा, तोंडांतली माती काढावी, हनुवटी वर करावी. छातीच्या मध्यावर दोन्ही तळवे ठेवून तीस वेळां भरभर व जोरानें दाबावें आणि मग नाक चिमटींत धरून तोंडानें दोन श्वास आंत फुंकावे. डॉक्टर येईपर्यंत हेंच पुन्हां पुन्हां करीत राहावें. एक दमला तर दुसऱ्यानें हात लावावा.